धर्मीबाईच्या नऊ शेळ्या

सूक्ष्मदर्शकाची पेटी मी टपावर ठेवू देत नव्हतो आणि कंडक्टर ती आत घेऊ देत नव्हता. यवतमाळच्या स्टँडवर एवढ्यासाठी बस दहा मिनिटं खोळंबली. शेवटी पेटी मांडीवर घेऊन बसायचं ठरलं आणि आम्ही पांढरकवड्याकडे निघालो. मागच्या बाकावर आमच्या जनावरांच्या दवाखान्यातले ड्रेसर सखारामजी होते. त्यांच्या पायाशी मिठाचं गाठोडं, मोरचुदाचा डबा, रिकाम्या बाटल्या आणि एक लहान तराजू असा आमचा संसार होता.

महाराष्ट्र राज्य होऊन दुसरं वर्ष चालू होतं. मी वाईचा, वऱ्हाडात बदलून येऊन सहा महिने झालेले. त्या पावसाळ्यात पांढरकवड्याच्या आसपास शेळ्या मरत असल्याचं सारखं कानावर येत होतं. जनावर खंगतं, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागते आणि एक दिवस उठतच नाही. पोटातले जंत हे कारण उघड होतं, पण ते किती कळपांत आहेत आणि कुठल्या शेळ्यांना जास्त होतात, हे कोणी मोजलेलं नव्हतं. मला पंधरा दिवसांत अकरा गावं करायची होती. बरोबर छापील कागद होते. शेळीचं वय, नर की मादी, कळप केवढा, चराई कुठे, असे त्यावर रकाने.

एका जागी बसवत नाही, हा माझा जुना दोष. त्यात हे काम माझ्या स्वभावाला खतपाणी घालणारं. लेंड्या गोळा केल्या की त्याच दिवशी तपासाव्या लागतात, कारण उन्हाळ्यासारखी हवा असली की जंतांची अंडी दुसऱ्या दिवसापर्यंत फुटून जातात. आमच्या सूक्ष्मदर्शकाला खाली आरसा होता आणि तो उन्हावर चाले. ऊन गेलं की यंत्र आंधळं. त्यामुळे सकाळपासून माझा एक डोळा काचपट्टीवर आणि दुसरा सूर्यावर असे.

पांढरकवड्याला उतरलो तेव्हा नागपूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रकांची रांग लागली होती. रस्त्याकडेच्या हॉटेलात चहा आणि तिखट चिवडा घेतला. हॉटेलवाल्याने पेटीकडे बोट दाखवून विचारलं, "यात काय हाये, फोटोचं यंत्र?"

"बकरीच्या लेंड्या पाहाचं यंत्र हाये," सखारामजींनी सांगितलं. इकडे शेळीला बकरीच म्हणतात.

हॉटेलवाल्याने बोट मागे घेतलं. "त्यासाठी माणूस ठेवला सरकारनं?"

"दोन ठेवले," सखारामजी म्हणाले आणि त्यांनी चहा बशीत ओतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याची बैलगाडी करून आम्ही पहिल्या मुक्कामाला निघालो. तो एक तांडा होता. पूर्वी बैलांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य वाहून नेणारे हे लोक आता शेती करून एका जागी राहिले आहेत, पण वस्तीला अजून तांडाच म्हणतात आणि तिच्या प्रमुखाला नायक. वाट काळ्या रानातून जात होती. दोन्ही बाजूंना कपाशीची बोंडं फुटायला लागली होती. एका बाजूला ओळीने लावलेल्या सागाच्या कोवळ्या रोपांची टेकडी होती, तिच्याभोवती काटेरी कुंपण. टेकडीखाली पावसाळ्याने भरलेलं तळं. तळ्याकाठचं गवत इतकं हिरवं होतं की ऑक्टोबरच्या त्या भाजणाऱ्या उन्हात डोळ्यांना बरं वाटलं. मी सखारामजींना म्हणालोसुद्धा, "इथल्या शेळ्यांना चाऱ्याची ददात नाही."

नायकाचं वय साठीच्या पुढचं होतं आणि आवाज बारीक. त्याने लिंबाखाली खाट टाकून दिली. मी खाटेवर यंत्र मांडलं, आरसा उन्हाकडे वळवला आणि काम सुरू केलं. लेंड्या कुस्करायच्या, मिठाच्या घट्ट पाण्यात कालवायच्या. अंडी हलकी म्हणून वर तरंगतात, ती काचेवर घेऊन मोजायची. पहिल्याच काचपट्टीवर एवढी अंडी होती की मी मोजताना दोनदा चुकलो. दुपारपर्यंत चाळीसेक शेळ्या झाल्या. बिनअंड्यांची एखादीच. पापणी उलटून पाहावी तर आत लालीचा मागमूस नाही, चुन्यासारखी पांढरी.

जिथे रोग दिसेल तिथे औषध पाजण्याची मला परवानगी होती. मोरचुदाचे निळे खडे तराजूत तोलून मी घडाभर पाणी केलं आणि आम्ही शेळ्या पाजायला घेतल्या. सखारामजी शेळीचं तोंड धरत आणि मी बाटलीने घोट सोडत असे. घराघरातून बायका आपापल्या शेळ्या ओढून आणत होत्या.

घडा संपला तेव्हा सगळ्यांच्या शेळ्या झाल्या होत्या आणि एकच बाई उरली होती. धर्मीबाई तिचं नाव. पन्नाशीची, उंच, हातांवर कोपरापर्यंत गोंदण. तिला मूलबाळ नव्हतं, नवरा दोन वर्षांपूर्वी वारला होता. नऊ शेळ्या होत्या आणि त्या सगळ्या तिने एका दोरीत बांधून आणल्या होत्या.

सूर्य टेकडीकडे कलला होता. पुढचं गाव झरीच्या वाटेवर, चार कोसांवर, आणि दिवस बुडायच्या आत पोचायचं होतं. तराजू सखारामजींनी बांधून गाडीत ठेवला होता. "काढू का?" त्यांनी विचारलं.

"राहू द्या," मी म्हणालो. "अंदाज आहे मला."

डब्यातून मुठीने खडे काढून मी दुसरा घडा केला. पाणी मघापेक्षा जास्त निळं दिसतंय, असं मनात आलं. तिरप्या उन्हामुळे तसं वाटत असेल, म्हणून सोडून दिलं. नऊच्या नऊ शेळ्या पाजल्या आणि गाडीत चढलो.

खडे हातात किती आले होते, ते वाटभर मी पुन्हा पुन्हा मूठ उघडून आठवत होतो. सखारामजींनी एकदा माझ्या हाताकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

पुढचा मुक्काम कोलाम आदिवासींच्या पोडावर (वाडीवर) होता. पंधरा-वीस झोपड्या, बांबूच्या कुडाच्या, शेणाने स्वच्छ सारवलेल्या, आणि मागे लगेच जंगल. इथली माणसं कमी बोलतात. एका म्हातारीने आम्हाला ज्वारीच्या कण्या आणि अंबाडीची भाजी दिली आणि आम्ही जेवून होईपर्यंत पाठ करून बसली. इथल्या शेळ्यांच्या लेंड्यांत अंडी कमी निघाली. दिवसभर झाडपाला ओरबाडत हिंडणाऱ्या शेळ्या त्या, अंगाने सुक्या पण तरतरीत. मी आकडे लिहिले आणि का कमी, हा प्रश्न पुढच्या गावासाठी ठेवून दिला. माझं चित्त तिथे नव्हतंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास तांड्याच्या वाटेने एक माणूस येताना दिसला. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं. तो झाडाखाली बसला, पाणी मागितलं, सगळा तांब्या प्यायला आणि मग म्हणाला, "मी शंकर. धर्मीबाईचा दीर. बाईच्या दोन बकऱ्या मेल्या. एक काल सांजी, एक पहाटे. चार खाऊन नाई राह्यल्या. नायकानं सांगतलं, डाक्टरले घेऊन ये."

"बाकीच्यांच्या?" मी विचारलं.

"बाकीच्यायच्या बऱ्या हायेत. बाईच्याच मेल्या."

सखारामजी मला जरा बाजूला घेऊन गेले. त्यांची नोकरी माझ्या वयापेक्षा थोडीच कमी होती. ते हळू आवाजात म्हणाले, "सायेब, पोटात जंत होतेच. रोगानं मेल्या म्हना. आनं जाता कायले? तांड्याचे लोक तापले असतीन. मी चिठ्ठी नेऊन देतो."

खोटं कशाला बोला, चार दिवसांनी परतताना तिकडून जाऊच की, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. मग पाय आपोआप गाडीकडे वळले. हे धैर्य नव्हतं. त्या पोडावर आणखी एक तास बसून राहणं मला शक्य नव्हतं, एवढंच.

तांड्यावर पोचेस्तोवर तीन वाजले. पहाटे मेलेली शेळी नायकाने ओल्या पळसाच्या पानांखाली सावलीत ठेवली होती. धर्मीबाई तिच्याशेजारी बसली होती. दहा-बारा पुरुष उभे होते. त्यातला एक तरणा माणूस आमच्या गाडीपुढे येऊन म्हणाला, "याची पेटी घ्या काढून." नायकाने त्याला नुसता हात दाखवला, तो मागे सरला.

मी सदरा काढला आणि सगळ्यांसमोर शेळी उघडली. चार कप्प्यांतलं शेवटचं, खरं पोट फाडलं तेव्हा आत लाल-पांढऱ्या पिळाच्या दोऱ्यांसारखे जंत होते, बोटाच्या पेराएवढे, शेकड्यांनी. लोक वाकून पाहू लागले. एका बाईने तोंडावर ओढणी धरली. सखारामजींनी सुटकेचा श्वास टाकलेला मला ऐकू आला. मी बोटाने जंत बाजूला केले. खालच्या अस्तरावर हिरवट-निळे डाग होते आणि कातडं भाजल्यासारखं सोललेलं होतं.

नायक म्हणाला, "डाक्टर, जंतानं गेली का औषदानं?"

"जंत होते," मी म्हणालो. "हे तुम्ही पाहताच आहात. पण जंतांनी ती आज मेली नसती. औषध जास्त झालं. तुमच्या सगळ्यांच्या शेळ्यांसाठी पाणी केलं ते मी तोलून केलं होतं. बाईंच्या शेळ्यांसाठी केलं ते घाईत, अंदाजाने. चूक माझी आहे."

मघाच्या तरण्या माणसाने आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटलं आणि दोघे-तिघे पुढे आले. मी उठून उभा राहिलो. हात रक्ताने माखलेले, ते कुठे ठेवावे कळेना. तेवढ्यात धर्मीबाई बोलली. तिच्या मराठीत 'तुम्ही' नव्हतंच.

"बाकीच्या जगतीन का मरतीन?"

"सांगता येत नाही."

"मंग तू जाऊ नको," ती म्हणाली. "ह्या उभ्या राहीस्तोर जाऊ नको."

तिच्या अंगणात चार शेळ्या माना टाकून पडल्या होत्या. मोरचुदाने पोट भाजलं तर दूध आणि अंड्याचा पांढरा बलक पाजावा, म्हणजे आतल्या जखमेवर लेप बसतो, एवढं मला शिकवलेलं होतं. गाईचं दूध नायकाच्या घरून आलं. अंडी कुणाकुणाच्या घरून आली. पेटी काढून घ्या म्हणणाऱ्यानेही तीन आणून दिली, माझ्याकडे न पाहता. पुढचे दोन दिवस मी त्या अंगणात होतो. दर दोन तासांनी शेळीचं डोकं मांडीवर घ्यायचं, चमच्याने दूध सोडायचं, मग ज्वारीच्या पिठाची पातळ कांजी. मधल्या वेळात करायला काहीच नसे. मी उठून अंगणाच्या टोकापर्यंत जायचो आणि परत यायचो.

"काहून फिरून राह्यला?" धर्मीबाईने एकदा विचारलं. "बस. तू फिरल्यानं ते उठनार नाई."

मी बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी चारातली एक गेली. गाभण होती. धर्मीबाईने तिच्या पोटावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि मग उरलेल्या तिघींना कांजी पाजायला उठली. ती काही म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. संध्याकाळी पडलेल्यांपैकी एक शेळी उठून लिंबाच्या डहाळीला तोंड लावायला लागली.

तिसऱ्या दिवशी पहाट फुटताच धर्मीबाई धडधाकट शेळ्यांना घेऊन निघाली, तसा मीही मागे गेलो. तांड्यातल्या बाकीच्या बायकाही निघालेल्या. घाई सगळ्यांनाच होती, कारण दिवस वर आला की कपाशी वेचायला वावरात (शेतात) हजर व्हायचं. म्हणून शेळ्या तासाभरात पोट भरतील अशा जवळच्या जागी न्यायच्या. ती जागा म्हणजे तळ्याचा काठ. मी येताना कौतुक केलेलं ते हिरवं गवत. साऱ्या तांड्याच्या शेळ्या तेवढ्या पट्ट्यात दाटीने उभ्या होत्या, लेंड्या टाकत होत्या आणि दवाने थबथबलेलं तेच गवत बुडापासून खात होत्या. माझी पँट पोटऱ्यांपर्यंत भिजली.

"आधीपासून इथेच चारता?" मी विचारलं.

"नाई. आधी वरती." तिने टेकडी दाखवली. "बोरी, बाभळी, समदा पाला. दिवसभर बकऱ्या वरती राहे, खाली येतच नव्हत्या. आता सागवान लावला. झाडं मोठी होयेस्तोर बकरीले बंदी."

"किती दिवस झाले?"

"तीन पावसाळे."

मी तळ्याकाठचं मूठभर गवत तोडून रुमालात बांधलं. ऊन वर आल्यावर ते वाटीत धुतलं, पाणी निवळू दिलं आणि तळचा थेंब काचेवर घेतला. बारीक, पारदर्शक, नागमोडी वळवळणाऱ्या अळ्या. एका थेंबात पाच. लेंडीतली अंडी ओल्या जागी फुटतात, अळी दवाबरोबर पात्यावर चढते आणि शेळीच्या तोंडात जाते. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं. छापील कागदावर 'चराई कुठे' या रकान्यात मी या तांड्यातल्या प्रत्येक शेळीपुढे 'गावालगत' असं लिहून पुढे गेलो होतो.

मी धर्मीबाईला बोलावलं. एक डोळा मिटायला तिला जमेना, म्हणून मी तिच्या डोळ्यावर तिचीच ओढणी धरली.

"हलून राह्यलं," ती म्हणाली.

"हे त्या गवतातले बारीक जंत. पोटात गेले की मेलेल्या शेळीत सापडले तसे मोठे होतात. दव वाळल्यावर ते खाली मातीत उतरतात. उंच झाडाच्या पाल्यावर तर ते नसतातच."

तिने पुन्हा पाहिलं. मग सरळ झाली. "टेकडी बंद हाये. दव वाळेस्तोर थांबलं तर वावरात कोन जाईन? आमी बकऱ्या घेऊन जावं कुठं?"

फार तर औषधाची मात्रा मला सांगता आली असती, तीही मी चुकलेली.

उत्तर त्यांचं त्यांनीच काढलं. दुपारी नायकाच्या लिंबाखाली बायका जमल्या. यंत्रातून पाहायला रांग लागली आणि पाहून झालं की बोलणं सुरू झालं. ते सगळं त्यांच्या भाषेत, मला त्यातलं 'याडी' (आई) एवढंच ओळखू येत होतं. शेवटी नायकाने मला मराठीत सांगितलं. कुंपणाच्या पलीकडे कोसभर लांब एक झाडोऱ्याचं पठार होतं. एकेका घराला तिथवर रोज जाणं परवडणारं नव्हतं. आता साऱ्या तांड्याच्या शेळ्या एकत्र करून दोन बायका उन्हं तापल्यावर तिकडे नेणार, आणि त्या दोघींच्या वावरातला कापूस बाकीच्या वेचणार. धर्मीबाई पहिल्या दोघींतली एक होती.

निघताना मी तिला म्हणालो, "उरलेल्यांना तोलून, कमी औषध देऊ का? जंत अजून आहेत."

"नाई," ती म्हणाली. "तुया हातचं आता नाई."

राहिलेली गावं आम्ही उशिराने केली. प्रत्येक ठिकाणी मी पेटी उघडायच्या आधी, शेळ्या चरतात ती जागा दाखवा, असं म्हणू लागलो. सखारामजींना हा नवा उपद्व्याप वाटला. पण तराजू मात्र ते स्वतःच सगळ्यांत आधी बाहेर काढत.

परतीच्या वाटेवर पांढरकवड्याला आठवडी बाजार भरला होता. मिठाच्या ढिगापाशी धर्मीबाई दिसली. मी पुढे जाऊ की नको या विचारात असताना तिनेच हाक मारली.

"सहा हायेत," ती म्हणाली. "उठल्या समद्या. पठारावर चरून राह्यल्या."

"जबड्याखालची सूज?"

"नायकाच्या एकीची उतरली. माह्या एकीची हाये अजून." मीठ तिने ओटीत बांधलं. "तांड्यातल्या बायकायले तळ्याचं पानी पाहाचं हाये त्या यंत्रात. पुढच्या साली येशीन?"

"येईन."

"यंत्र आन. औषद नायकाले विचारून दे. मले विचारू नको." एवढं बोलून ती बाजारात शिरली.

दुपारच्या बसमध्ये कंडक्टर दुसरा होता, त्याने पेटीला काही म्हटलं नाही. खिडकीतून कपाशीची पांढरी रानं मागे जात होती. मी छापील कागद काढले. वय, नर-मादी, कळप केवढा, हे सगळं नीट भरलेलं होतं. किती टक्के शेळ्यांना जंत, ते यवतमाळला बसून तासाभरात निघालं असतं. पण तळं, टेकडीवरची बंदी, पहाटेची घाई, वावरातलं काम, यांतलं काहीच दोन बोटं रुंदीच्या रकान्यात मावत नव्हतं. मी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. सगळ्यात शेवटी लिहिलं, की या तांड्यात धर्मीबाईच्या तीन शेळ्या मी न तोलता दिलेल्या औषधाने मेल्या.

रस्ता खराब होता, बस हलत होती. अक्षर ओळखू येऊ नये इतकं वाकडं आलं. सखारामजींनी मागून मान पुढे करून वाचलं आणि म्हणाले, "सायेब, हे घरी गेल्यावर चांगल्या अक्षरात काढा."

चांगल्या अक्षरात काढायला बसलो असतो, तर शेवटचं वाक्य मी लिहिलं असतं की नाही, याची मला खात्री नव्हती. म्हणून बस स्टँडवर लागताच घरी न जाता आधी कचेरीत गेलो आणि तो कागद होता तसाच अहवालाला जोडला.